इंधनघटाचे अंतरंग

जाळी पडलेल्या म्हैसूरपाकाची वडी सुरीने कापली, तर वडीत पोकळी किती आणि पदार्थ किती याचा अदमास चतुर गृहिणीस त्या कापाकडे पाहून सहज करता येतो. परंतु वडीच्या एका बाजूच्या छिद्रातून आत शिरलेली मुंगी आतल्या आत वाट काढीत दुसऱ्या बाजूने बाहेर पडू शकेल किंवा नाही, असे विचारले की तो काप मुका होतो. कापावर जी छिद्रे सुटी सुटी दिसतात ती आत कोठे तरी एकमेकांस मिळालेली असतील; जे छिद्र मोठे व प्रशस्त दिसते ते थोड्याच अंतरावर बंदही होत असेल. कापावरून परिमाण कळते, संबंध कळत नाहीत. हा भेद वरवर पाहता क्षुल्लक वाटेल. तथापि विद्युत्शास्त्रातील एका महत्त्वाच्या साधनाचे ज्ञान त्याने दीड शतकाहून अधिक काळ अडवून धरले होते. तो अडसर कसा दूर झाला, आणि तो दूर करण्यास कोणकोणत्या अनपेक्षित मंडळींचा हातभार लागला, हे येथे सांगण्याचा आमचा विचार आहे.

ते साधन म्हणजे इंधनघट होय. पाण्यातून विद्युत्प्रवाह नेला असता हायड्रोजन व ऑक्सिजन हे दोन वायू वेगळे होतात, हे शाळेतील मुलांसही ठाऊक असते. मग हेच दोन वायू योग्य रीतीने पुनः एकत्र आणले, तर खर्च केलेली वीज परत का मिळू नये? असा उलटा प्रश्न ज्याच्या मनात आला तो विल्यम रॉबर्ट ग्रोव्ह हा वेल्समधील स्वान्सी येथला राहणारा. व्यवसायाने वकील, आणि उत्तरवयात न्यायाधीश. १८३९ साली त्याने या विषयावरील आपला पहिला अनुभव प्रसिद्ध केला. त्याच वर्षी बाझेल येथील प्राध्यापक शोनबाइन यांनीही तशाच स्वरूपाचे निरीक्षण छापले. पहिला मान कोणाचा, यावर पुढील लेखकांनी बरीच शाई खर्च केली आहे. ते दोघे मात्र परस्परांचे स्नेही होते व पत्राने एकमेकांस आपले प्रयोग कळवीत असत, तेव्हा या वादात आपण पडावयाचे कारण नाही.

१८४२ साली ग्रोव्हने आपली वायूंची बॅटरी तयार केली. काचेच्या नळ्यांत वायू भरून त्या सौम्य गंधकाम्लात उलट्या उभ्या केल्या, आणि प्रत्येक नळीत प्लॅटिनमची एक पट्टी अशी ठेवली की तिचा काही भाग आम्लात बुडावा आणि काही वायूत राहावा. प्रवाह मिळाला. परंतु ग्रोव्हची खरी तीक्ष्णता यापुढे दिसते. पट्टीचा जो भाग आम्लात खोल बुडालेला असतो तो जवळजवळ निरुपयोगी. जो केवळ वायूत असतो तोही तसाच. धातू, आम्ल व वायू ही तिन्ही जेथे एकत्र येतात त्या अरुंद रेषेवरच सारे कार्य घडते. हे ओळखून त्याने पट्टीवर प्लॅटिनमचा खरबरीत काळा लेप चढविला, की जेणेकरून ही रेषा लांबावी. आमच्या पाठ्यपुस्तकांतून इलेक्ट्रोड म्हणजे एक सरळ उभी रेघ असे चित्र अद्यापि काढले जाते. त्या रेघेने पिढ्यानुपिढ्या विद्यार्थ्यांची किती दिशाभूल केली असेल ते सांगवत नाही! इलेक्ट्रोड ही रेघ नव्हे, ते एक अरण्य आहे, आणि त्यातील प्रत्येक तिठ्यावर काम चालू असते.

या तिहेरी भेटीस आम्ही त्रिवेणीसंगम म्हणू. प्रयागास गंगा व यमुना डोळ्यांना दिसतात, सरस्वती गुप्त असते. येथेही धातू व त्याचा जोडीदार हे दोन्ही दृश्य पदार्थ. तिसरी जी वायूची वाट ती केवळ पोकळी.

इंधनघटाचा पुढील इतिहास हा, थोडक्यात म्हणावयाचे तर, ही संगमरेषा लांबविण्याच्या खटपटींचा इतिहास आहे. १८८९ साली लुडविग मोंड आणि कार्ल लँगर यांनी आम्लाने भिजलेली सच्छिद्र पटले वापरून प्लॅटिनम बुडून जाऊ नये अशी योजना केली. १८९४ साली विल्हेल्म ओस्टवाल्ड या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने, कोळशातील बहुतांश शक्ती वाया घालविणाऱ्या वाफेच्या एंजिनाचे दिवस भरले असून पुढील शतक इंधनापासून सरळ वीज काढणाऱ्या घटांचे असेल, असे मोठ्या हिरिरीने प्रतिपादन केले. धूर नाही, खडखडाट नाही, उष्णता फुकट दवडणे नाही! ते शतक आले आणि गेलेही; भविष्य मात्र खरे ठरले नाही. त्याची कारणे अनेक आहेत, स्वस्त पेट्रोल हे त्यातलेच एक; परंतु इलेक्ट्रोडच्या आत काय चालते ते कोणास दिसत नव्हते, हेही कारण सामान्य नव्हे. जो तो अंधारात चाचपडत होता.

चाचपडणाऱ्यांतही काही हात विलक्षण कुशल असतात. फ्रान्सिस थॉमस बेकन हा इंग्रज एंजिनियर तसा होता. १९३० नंतरच्या दशकात त्याने या विषयास हात घातला व तो आयुष्यभर सोडला नाही. निकेलची भुकटी भाजून त्याने दुपदरी इलेक्ट्रोड केला: वायूच्या बाजूस मोठी छिद्रे, द्रवाच्या बाजूस बारीक. बारीक छिद्रे केशाकर्षणाने द्रव धरून ठेवीत, मोठ्या छिद्रांत वायूच्या दाबामुळे द्रव शिरू शकत नसे, आणि दोहोंच्या सीमेवर संगमरेषा स्थिर राही. १९५९ साली केंब्रिज येथे त्याने पाच किलोवॅटचे यंत्र लोकांपुढे चालवून दाखविले. त्यावर विजेची करवत आणि ओझी उचलणारी गाडी चालली. याच घराण्यातील घट पुढे अपोलो यानांतून चंद्राकडे गेले व अंतराळवीरांस वीज आणि प्यावयाचे पाणी अशा दोन्ही वस्तू पुरवू लागले. तथापि बेकनलाही आपल्या इलेक्ट्रोडचे अंतरंग प्रत्यक्ष दिसले नव्हते; ते त्याने तर्काने ओळखले होते.

दुसरी एक शाखा द्रवाला सर्वस्वी फाटा देणारी निघाली. वॉल्थर नेर्न्स्ट याने १८९९ च्या सुमारास असे दाखविले की झिर्कोनियात यिट्रियाचे मिश्रण करून केलेली कांडी थंड असता वीज वाहू देत नाही, पण तापवून लाल केली म्हणजे वाहू देते. त्याने तिचा दिवा केला. झुरिच येथील एमिल बाउर आणि प्राइस यांनी १९३७ साली त्याच जातीच्या मृत्तिकेचा घट हजार अंशांच्या आसपास तापवून चालविला. या घटात ऑक्सिजनचे विद्युत्भारित अणू, म्हणजे आयन, घन मृत्तिकेतूनच प्रवास करतात. या घटास योग्य असा हायड्रोजनच्या बाजूचा इलेक्ट्रोड स्पॅसिल याच्या १९७० सालच्या अमेरिकन पेटंटात आढळतो: निकेल आणि झिर्कोनिया यांचे कण एकत्र भाजून केलेला, आणि सच्छिद्र. आजही त्याचे मूळ स्वरूप तेच आहे. तो करण्याची रीत मोठी युक्तीची आहे. प्रथम निकेल ऑक्साइड व झिर्कोनिया यांचे मिश्रण भाजतात. मग हायड्रोजनने ऑक्साइडातील ऑक्सिजन काढून घेतात. असे होताना निकेलच्या भागाचे आकारमान सुमारे चाळीस टक्क्यांनी घटते, आणि जी जागा रिकामी होते तीच वायूची वाट बनते.

आता या इलेक्ट्रोडमधील एका संगमबिंदूची स्थिती पाहू. तेथे झिर्कोनियातून ऑक्सिजनचा आयन यावयाचा, छिद्रातून हायड्रोजन यावयाचा, त्यांचे पाणी होऊन वाफेच्या रूपाने छिद्रावाटे निघून जावयाचे, आणि सुटलेले इलेक्ट्रॉन निकेलमधून बाहेरच्या तारेकडे जावयाचे. म्हणजे नुसता संगम असून भागत नाही. निकेलचा तो कण शेजारच्या कणांमार्फत तारेपर्यंत जोडलेला पाहिजे, झिर्कोनियाचा कण मधल्या पडद्यापर्यंत, आणि छिद्र इंधनाच्या नळीपर्यंत. तिहींपैकी एक साखळी कोठेही तुटली की तो संगम मृत होय. नद्यांची पात्रे एकत्र आलेली आहेत, पण त्यांपैकी एकीला पाणीच नाही, असा तो प्रकार. कण एका मायक्रॉनच्या आसपास, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागाएवढे. तेव्हा या साखळ्या तपासावयाच्या कशा?

येथे आम्हांस वाचकांना काही काळ विद्युत्शास्त्राबाहेर न्यावे लागणार आहे. अशील देलेस हा फ्रेंच भूगर्भशास्त्रज्ञ. ग्रॅनाइटसारख्या दगडात कोणते खनिज किती आहे हे त्यास जाणावयाचे होते. १८४७ साली त्याने एक रीत प्रसिद्ध केली, जी ऐकून प्रथम हसू येते. दगडाचा पृष्ठभाग घासून गुळगुळीत करावयाचा, त्यावर तेलकट पारदर्शक कागद ठेवून प्रत्येक खनिजाची आकृती उतरून घ्यावयाची, ती निरनिराळ्या रंगांनी रंगवावयाची, कागद कथलाच्या वर्खावर चिकटवून आकृत्या कात्रीने कापावयाच्या, आणि एकेका रंगाचे तुकडे तराजूत घालून तोलावयाचे! परंतु या बालसुलभ उद्योगामागे एक गंभीर सिद्धान्त होता: घनातील प्रमाण हे कापावरील क्षेत्रफळाच्या प्रमाणाइतकेच असते. पुढे शेफील्डच्या हेन्री क्लिफ्टन सॉर्बी याने १८६३-६४ च्या सुमारास पोलाद घासून व आम्लाने खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले, आणि दगडांची ही विद्या धातूंस लागू झाली. १९५३ साली सिरिल स्मिथ आणि गटमन यांनी आणखी एक पाऊल टाकले. घनात पसरलेल्या रेषा कापावर बिंदुरूपाने दिसतात. तर एकक क्षेत्रातील बिंदू मोजून त्यांची दुप्पट केली की एकक घनातील रेषांची लांबी मिळते, मात्र रेषा सर्व दिशांस सारख्या पसरलेल्या असल्या पाहिजेत. म्हणजे संगमरेषेची एकूण लांबीदेखील एका कापावरून अजमावता येण्यासारखी होती. जे अजमावता येत नव्हते ते हेच, की त्यातील जिवंत किती आणि मृत किती. त्यास कापांची ओळच पाहिजे.

ओळीने काप घेण्याची विद्या प्रथम गर्भविज्ञानात वाढली, आणि ती वाढविणारांत ब्रेस्लाऊ येथील गुस्टाव्ह बोर्न हे प्रमुख होते. (क्वान्टम शास्त्रातील विख्यात माक्स बोर्न यांचे हे वडील.) १८८३ साली त्यांनी वर्णिलेली रीत अशी: गर्भाचे अतिशय पातळ काप क्रमाने घ्यावयाचे, प्रत्येक कापाची आकृती मोठी करून मेणाच्या पत्र्यावर उतरावयाची, पत्र्याची जाडी त्याच पटीने मोठी ठेवावयाची, आकृतीपुरते मेण कापून पत्रे एकावर एक रचावयाचे. की झाले, डोळ्यांना न दिसणारे हृदय वा कान हातात धरण्याजोगे झाले! ऑक्सफर्डचे भूगर्भशास्त्राचे प्राध्यापक सोलास यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी हीच रीत अश्मीभूत प्राण्यांस लावली. दगड पातळ कापता येत नाही. म्हणून त्यांनी तो थोडाथोडा घासावयास आरंभ केला, आणि प्रत्येक घासणीनंतर उघड्या पडलेल्या पृष्ठभागाचे चित्र घेतले. स्कॉटलंडमधील पॅलिओस्पाँडिलस नावाच्या लहानशा प्राचीन प्राण्याचा सांगाडा त्यांनी आपल्या कन्येच्या साहाय्याने असा मेणात उभा केला. शेवटी हाती मेणाची प्रतिकृती राहिली. मूळ अवशेषाचे पीठ झाले होते. असे धाडस करणारा मनुष्य धीट खरा. आमच्याने ते झाले नसते.

धातुशास्त्रात ही पद्धत उशिरा व कष्टाने आली. भुकटी भाजली असता कणांची जोडणी कशी वाढते हे पाहण्यासाठी फ्लोरिडा विद्यापीठातील डीहॉफ व त्यांचे सहकारी यांनी १९७२ साली एकामागून एक पृष्ठे घासून आतील फाटे आणि वेढे मोजले. परंतु हाताने अथवा चाकावर घासून एका मायक्रॉनचे कण उलगडणे म्हणजे कुऱ्हाडीने सुपारी कातरण्यासारखे होते. त्यासाठी अडकित्ता हवा होता, आणि दृष्टीही अधिक तीक्ष्ण हवी होती. दृष्टी आधी आली: पृष्ठभागावरून इलेक्ट्रॉनांचा बारीक झोत फिरवून चित्र काढणारा सूक्ष्मदर्शक केंब्रिज येथे ओटली यांच्या शिष्यांनी सिद्धीस नेला, व १९६५ साली तो विकावयास आला. अडकित्ता मागून आला. गॅलियम हा धातू हाताच्या उबेनेही वितळतो. त्याच्या थेंबातून प्रबळ विद्युत्क्षेत्राने आयन खेचून त्यांचा अतिसूक्ष्म झोत करण्याची कला १९७० नंतरच्या दशकात साधली. असा झोत पदार्थावर पडला की त्याचे अणू उडून जातात. सुताराच्या रंध्याची उपमा द्यावी, तर रंध्याखाली ढलप्या तरी पडतात. येथे तेही नाही. पुढे ही दोन्ही साधने एकाच निर्वात पेटीत बसविण्यात आली. एकाने सोलावे आणि दुसऱ्याने पाहावे.

२००६ साली अमेरिकेतील नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाचे जेम्स विल्सन, स्कॉट बार्नेट आणि त्यांचे सहकारी यांनी या जोडयंत्राखाली निकेल-झिर्कोनियाचा इलेक्ट्रोड ठेवला व त्याचे पहिले त्रिमिती चित्र 'नेचर मटेरियल्स' या नियतकालिकात प्रसिद्ध केले. या कामात छिद्रे आधी राळेने भरून घेतात. नाही तर छिद्रातून पलीकडची भिंत दिसते, आणि ती याच कापावरची की पुढच्या, हे कळत नाही. मग मायक्रॉनच्या लहानशा अंशाएवढा थर सोलावयाचा, चित्र घ्यावयाचे, पुनः सोलावयाचा. बोर्न यांच्या मेणाच्या पत्र्यांची जागा संगणकातील आकड्यांनी घेतली, एवढाच काय तो फरक. त्या मापनात संगमरेषेची लांबी एका घन सेंटिमीटरास सुमारे ४२ लाख ८० हजार मीटर भरली, म्हणजे ४,२८० किलोमीटर. काश्मीरपासून कन्याकुमारीपर्यंत आपला देश ३,२१४ किलोमीटर लांब आहे; साखरेच्या खड्याएवढ्या तुकड्यात त्याहून लांब रेषा गुंडाळलेली असते. ग्रोव्हने नळीत जी बोटभर रेषा पाहिली होती, तिचे हे रूप दिसावयास १६७ वर्षे लागली.

हा आकडा पुढे पुष्कळांनी उद्धृत केला. आमच्या मते मात्र या कार्याचे मर्म त्या आकड्यात नाही. लांबीचा अदमास, वर म्हटल्याप्रमाणे, कापावरूनही झाला असता. मर्म यात आहे की आता संगणकात एकेक संगम घेऊन त्याच्या तिन्ही साखळ्या शेवटपर्यंत चाचपता येऊ लागल्या. पुढील काही वर्षांत निरनिराळ्या देशांतील संशोधक, विशेषतः जपानात तोक्यो व क्योतो येथील आणि लंडनच्या इंपीरिअल कॉलेजातील, या कामास लागले. संगमांचे जिवंत, मृत आणि अनिश्चित असे वर्ग पडले. या तिसऱ्या वर्गाविषयी आम्हांस विशेष आदर वाटतो. तपासलेला तुकडा सर्व बाजूंनी अवघ्या काही मायक्रॉनांचा. एखादी साखळी त्याच्या कडेपर्यंत जाऊन बाहेर पडते, आणि पलीकडे ती जोडलेली आहे की तुटलेली, हे कोणास ठाऊक? तेथे 'ठाऊक नाही' असे लिहून तसा निराळा रकाना ठेवणे ही शास्त्राची प्रामाणिकता होय.

ही प्रामाणिकता सर्वत्र आढळते असे मात्र नाही. नियतकालिकांच्या मुखपृष्ठांवर ही चित्रे हिरव्या-तांबड्या रंगांत झळकतात, आणि पाहणारास वाटते की हे छायाचित्रच आहे. ते छायाचित्र नव्हे. यंत्र देते ती राखी रंगाची छटा; निकेल आणि झिर्कोनिया यांच्या छटांत अंतर थोडे. कोणती छटा कोठे संपली आणि दुसरी कोठे लागली, हे कोणीतरी ठरवावे लागते, मग तो मनुष्य असो वा मनुष्याने शिकविलेला संगणक. सीमा केसभर सरकविली की एक बारीक मान तुटते आणि तिच्यामागचे सारे संगम मृतांच्या यादीत जातात. दुसरी अडचण मोजणीची. संगणकातील चित्र लहान लहान चौकोनी ठोकळ्यांचे असते. तिरप्या रेषेची लांबी ठोकळ्यांच्या कडांवरून मोजली तर ती जिन्याच्या पायऱ्यांवरून मोजल्यासारखी होते, व खऱ्या लांबीहून बरीच अधिक भरते. म्हणून निरनिराळ्या प्रयोगशाळांचे आकडे शेजारी ठेवताना कोणी कोणत्या गजाने मोजले आहे हे आधी विचारले पाहिजे.

या पद्धतीचे मोठे वैगुण्य तेच, जे सोलास यांच्या घासणीचे होते: पाहिले ते नष्ट झाले. आज पाहिलेला इलेक्ट्रोड हजार तास चालवून पुनः पाहावा, हे येथे शक्य नाही. त्यावर उपाय क्ष-किरणांचा. वस्तू फिरवीत फिरवीत अनेक दिशांनी तिच्या छाया घेतल्या तर त्यांवरून अंतरंग गणिताने काढता येते, हे योहान राडोन याने १९१७ साली शुद्ध गणित म्हणून सिद्ध केले होते. हाउन्सफील्ड यांच्या यंत्राने १९७१ साली लंडनमध्ये पहिल्या रुग्णाच्या मेंदूचे तसे चित्र निघाले. आज ज्यास 'सीटी स्कॅन' म्हणून घरोघर ओळखतात ते हेच. २००८ साली कनेक्टिकट विद्यापीठातील विल्सन चिऊ यांच्या मंडळींनी इंधनघटाच्या इलेक्ट्रोडचे पन्नास नॅनोमीटरांहूनही सूक्ष्म तपशिलाचे क्ष-किरण चित्र काढले. तुकडा शाबूत राहिला. निकेल ओळखण्याचीही एक खूण सापडली. क्ष-किरणांची ऊर्जा ८.३३ किलो-इलेक्ट्रॉनव्होल्टच्या पुढे गेली की निकेल ते किरण एकाएकी अधिक शोषू लागते. झिर्कोनिया तसे करीत नाही. तेव्हा या सीमेच्या अलीकडे एक व पलीकडे एक अशी दोन चित्रे घेतली की निकेल आपणहून वेगळे उमटते. मोटारींत वापरतात त्या प्लॅटिनम व कार्बनच्या घटांत मात्र मामला याहून कितीतरी सूक्ष्म आहे, आणि त्यातील बहुवारिकाचा पातळ पापुद्रा पाहणाऱ्या झोतानेच बिघडतो. त्याचा विचार स्वतंत्रपणेच करावा लागेल.

नमुना जिवंत ठेवून पाहता येऊ लागल्यापासून घटांच्या वार्धक्याचा अभ्यास सुरू झाला आहे. तापलेल्या इलेक्ट्रोडमध्ये निकेलचे लहान कण हळूहळू मोठ्या कणांत विलीन होतात. कण मोठे झाले की संगमरेषा आखूड होते, आणि मध्येच एखादी मान तुटून एक अख्खी फांदी निकामी होते. घट उलटा चालवून पाण्याच्या वाफेपासून हायड्रोजन काढू लागले की आणखी एक चमत्कारिक गोष्ट आढळते. मधल्या पडद्याच्या लगत, म्हणजे जेथे त्याची सर्वांत अधिक आवश्यकता तेथूनच, निकेल दूर सरकते आणि त्या जागी रिकामी छिद्रे राहतात. ते वाफेबरोबर जाते, की झिर्कोनियाच्या पृष्ठावरून सरकत जाते, याविषयी या क्षेत्रातील जाणत्यांत अद्यापि एकमत झालेले नाही.